कैसर-ए-हिंद : दुष्काळाच्या सालातले पदक

१० एप्रिल १९०० रोजी व्हिक्टोरिया राणीच्या सहीने एक फर्मान निघाले. हिंदुस्थानात लोकहिताची महत्त्वाची आणि उपयुक्त कामगिरी करणाऱ्या माणसाला यापुढे ‘कैसर-ए-हिंद’ नावाचे पदक मिळेल, आणि ते देताना वंश, व्यवसाय, दर्जा किंवा स्त्री-पुरुष असा भेद केला जाणार नाही, असे त्यात म्हटले होते. पदक अंडाकृती होते. एका बाजूला राणीच्या नावाची आद्याक्षरे, दुसऱ्या बाजूला ‘कैसर-ए-हिंद’ हे शब्द आणि हे पदक हिंदुस्थानातील लोकसेवेबद्दल दिले आहे असा उल्लेख. वर अडकवायला गडद निळी फीत. पहिल्या वर्गाचे पदक सोन्याचे, दुसऱ्याचे चांदीचे. काशाचे पदक पुढे आले. सोन्याचे पदक भारतमंत्र्याच्या शिफारशीवरून खुद्द राणी देणार आणि चांदीचे व्हाइसरॉय देणार, अशी व्यवस्था होती.

फर्मान निघाले तेव्हा गुजरात, काठेवाड, राजपुताना, वऱ्हाड, मध्य प्रांत आणि दख्खनचा मोठा भाग दुष्काळाने होरपळत होता. गुजराती माणसे त्याला अजूनही संवत १९५६ वरून ‘छप्पनिया’ म्हणतात. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सरकारी दुष्काळी कामांवर आणि अन्नछत्रांवर देशभरात सुमारे ६० लाख माणसे जगत होती. खडी फोडायची, तलाव खणायचे, रस्त्याला भराव घालायचा आणि दिवसाकाठी ठरलेल्या मापाचे धान्य किंवा तितके पैसे घ्यायचे. हे काम चालवायला सरकारजवळ माणसे फार थोडी होती. कलेक्टर, मामलेदार, काही इंजिनिअर आणि डॉक्टर एवढ्यांवर सारा भार. त्यामुळे अनाथ मुले उचलून आणणे, अन्नछत्रे चालवणे, पटकीने आजारी पडलेल्यांची शुश्रूषा करणे ही कामे मिशनऱ्यांनी, गावोगावच्या दानशूर मंडळींनी आणि स्वयंस्फूर्तीने पुढे आलेल्या बायाबापड्यांनी अंगावर घेतली. त्याआधीची चार वर्षे प्लेगची होती आणि त्या साथीतही असेच झाले होते. लोकांच्या या मदतीवाचून आपले राज्य चालत नाही हे सरकारला उमगले, त्या क्षणी हे पदक निघाले असे मी मानतो. राजनिष्ठेच्या बक्षिसाचा भाग त्यात होताच, पण मुळाशी ही गरज होती.

पदकाला दिलेले नाव मात्र जुने होते आणि त्याच्यामागे दुसऱ्या एका दुष्काळाची सावली होती. व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करायचे ठरल्यावर तिच्यासाठी देशी किताब कोणता घ्यावा याचा खल झाला आणि लाहोरचे पंडित लाइटनर यांनी ‘कैसर-ए-हिंद’ सुचवले. १ जानेवारी १८७७ ला लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवून त्याची घोषणा केली आणि त्या प्रसंगाची स्मृती म्हणून राजेरजवाड्यांना पदके वाटली. त्याच वेळी सोलापूर, विजापूर, नगरकडे पाण्यावाचून गावे ओस पडत होती. दरबारात पुणे सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हाताने कातलेल्या सुताचे कपडे घालून हजर राहिले. सभेच्या वतीने त्यांनी दिलेल्या मानपत्रात राणीच्या इंग्रज प्रजेला असलेले हक्क आम्हालाही द्या, अशी मागणी होती. दुष्काळाच्या काळात याच सभेने गावोगावची पाहणी करून परिस्थितीचे अहवाल सरकारला धाडले होते. त्याबद्दल सभेला पदक वगैरे मिळाले नाही, उलट तिच्याकडे संशयाने पाहिले गेले.

वीस वर्षांनी, १८९७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली. त्या हीरक महोत्सवाचीही पदके निघाली. पुण्यात मात्र त्या वर्षी लोकांच्या ध्यानीमनी एकच गोष्ट होती, गाठीचा ताप म्हणजे प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला आणि काही आठवड्यांत साथ पुण्याला येऊन भिडली. मार्चमध्ये वॉल्टर चार्ल्स रँडच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमली गेली. गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी शोधू लागले, माणसे छावणीत हलवली जाऊ लागली, सामान जाळले जाऊ लागले, देवघरापर्यंत बुटाचे पाय गेले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमधला महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला आणि रँड ३ जुलैला मेला. शाळेत शिकलेला इतिहास बहुतेकांच्या मनात इथे थांबतो.

पण त्याच शहरात, त्याच महिन्यांत सेवेचा एक वेगळा इतिहास घडत होता. सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत याला बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उभा केला. मुंढव्याच्या महारवाड्यातून एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन तिथे आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. लोकसेवेचे पदक निघायला अजून तीन वर्षे होती. टिळक शहर सोडून न जाता पुण्यातच राहिले, हिंदूंसाठी वेगळे प्लेग रुग्णालय चालवायला पुढे झाले आणि त्याच वर्षी ‘केसरी’तील लेखांसाठी राजद्रोहाच्या आरोपावरून दीड वर्षाच्या शिक्षेवर तुरुंगात गेले. गोखले तेव्हा विलायतेत होते. प्लेग बंदोबस्तात स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या बातम्या त्यांनी तिथे उघड केल्या, पण परत आल्यावर पुरावा उभा करता येईना, तेव्हा त्यांना जाहीर माफी मागावी लागली.

आणि पंडिता रमाबाई. या पदकाचा इतिहास मला ज्या एका माणसाच्या आयुष्यातून सर्वांत नीट दिसतो, ती माणूस म्हणजे रमाबाई. त्यांच्या पोटात दुष्काळ लहानपणापासूनच होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण ही सगळी १८७० च्या दशकातल्या दुष्काळात दक्षिणेत तीर्थयात्रा करता करता अन्नावाचून गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले आणि चालत चालत कलकत्त्यापर्यंत पोहोचले. म्हणून १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कानावर आले तेव्हा त्यांना राहवले नाही. पुण्यातल्या शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेची जबाबदारी अंगावर असताना त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन परतल्या. पुण्यात प्लेग असल्याने एवढा लवाजमा शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा केडगावला त्यांनी आधी घेतलेल्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्तिसदन असे उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो जणी आल्या आणि तिथली संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली. त्यांचे पोट भरायचे, खरूज-देवी-पटकी काढायची, लिहायला शिकवायचे, विणकाम, शेती, तेलघाणी, छापखान्यातली अक्षरजुळणी शिकवायची. दोन हजार माणसांना दोन वेळ जेवू घालायचे आणि विहिरीला पाणी पुरवायचे, तेही अवर्षणात आणि कुठल्याही खात्रीच्या उत्पन्नाशिवाय. हा खटाटोप किती अवाढव्य होता याची कल्पना दौंड-केडगावकडच्या उन्हाळ्याची ओळख असलेल्या माणसालाच येईल.

ह्याच रमाबाईंनी १८९७ च्या मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ या साप्ताहिकात पत्र लिहून पुण्याच्या प्लेग रुग्णालयात आणि छावणीत स्त्रियांची कशी हेळसांड आणि विटंबना होते ते स्पष्ट सांगितले. ख्रिस्ती झालेली, मिशनऱ्यांशी घरोबा असलेली एक विदुषी सरकारच्या बंदोबस्ताविरुद्ध असे बोलते, याने सरकार चांगलेच अस्वस्थ झाले. विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत प्रकरण गेले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी रमाबाईंचे म्हणणे चुकीचे आणि दिशाभूल करणारे ठरवले. म्हणजे एका दुष्काळ-प्लेगाच्या वर्षात ज्या बाईचा शब्द सरकारने खोटा ठरवला, तिलाच बावीस वर्षांनी, १९१९ मध्ये, त्याच सरकारने त्याच लोकसेवेबद्दल कैसर-ए-हिंद पदक दिले. मधल्या काळात रमाबाईंचे काम बदलले नव्हते. सरकारला त्या कामाकडे पाहण्याची फुरसत आणि गरज वेगळ्या वेळी वाटली, एवढेच.

पदक कोणाला मिळत होते हे पाहिले तर ही गरज आणखी स्पष्ट होते. अहमदनगरचे रेव्हरंड रॉबर्ट ॲलन ह्यूम हे अगदी सुरुवातीच्या मानकऱ्यांपैकी एक. त्यांचा जन्म १८४७ सालचा, मुंबईचाच. अमेरिकन मराठी मिशनमधून त्यांनी जवळपास अर्धशतक नगर भागात काढले. अमेरिकेतून दुष्काळपीडितांसाठी आलेला निधी वाटण्याचे मोठे काम त्यांच्याकडे होते आणि त्याबद्दल त्यांना सोन्याचे पदक मिळाले. मिरजेला विल्यम वानलेस यांनी जे रुग्णालय वाढवले त्याच्याकडे कोल्हापूर, सांगली, बेळगावपासून बैलगाड्या येत. त्यांनाही कैसर-ए-हिंद मिळाले, पुढे १९२८ मध्ये ते ‘सर’ही झाले. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते. या दोघांची सेवा अस्सल होती, यात शंका घ्यायला जागा नाही. शिवाय सरकारला त्यांच्यापासून राजकीय त्रासही नव्हता, आणि निवड कलेक्टर, कमिशनर, गव्हर्नर याच वाटेने होत असल्याने दुसऱ्या गोष्टीचे वजन नेहमी पडत असे.

नाशिकच्या कॉर्नेलिया सोराबजी यांची गोष्ट याहून निराळी. १८६६ मध्ये जन्मलेल्या या पारशी-ख्रिस्ती मुलीने डेक्कन कॉलेजात शिक्षण घेतले, ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरली, पण स्त्री म्हणून वकिलीची सनद मिळेना. शेवटी बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडदानशीन स्त्रियांची कायदेविषयक सल्लागार म्हणून १९०४ पासून तिने काम केले. ज्या बायकांना परपुरुषासमोर येता येत नव्हते आणि त्यामुळे ज्यांच्या मालमत्तेवर दिवाण-नातेवाईक डल्ला मारत होते, त्यांच्या घरात जाऊन कागदपत्रे तपासणे, वारसाहक्क वाचवणे हे ते काम. १९०९ मध्ये तिला सोन्याचे पदक मिळाले. कॉर्नेलिया शेवटपर्यंत ब्रिटिश राज्याच्या बाजूने राहिली आणि गांधींच्या चळवळीला तिने उघड विरोध केला. म्हणून तिचे नाव आपण बरीच वर्षे बाजूला टाकले. मला ते अन्यायाचे वाटते. तिच्या राजकारणाशी मी सहमत नाही, पण ज्या विधवेचे घर तिने वाचवले त्या विधवेला राजकारणाशी कर्तव्य नव्हते.

१९१५ सालच्या जूनमध्ये बादशहाच्या वाढदिवसाची सन्मानयादी निघाली. त्यात रवींद्रनाथ टागोरांना ‘सर’ किताब होता आणि मोहनदास करमचंद गांधींना कैसर-ए-हिंदचे सोन्याचे पदक. गांधी जानेवारीत आफ्रिकेहून परतले होते. फेब्रुवारीत त्यांचे गुरू गोखले पुण्यात वारले. गोखल्यांना स्वतःला १९०४ मध्ये सी.आय.ई. मिळाले होते, पण १९१४ मध्ये देऊ केलेला ‘सर’ किताब त्यांनी नाकारला होता. गोखल्यांच्याच पुण्यात, त्यांच्या निधनानंतर चार महिन्यांत, गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते गांधींना पदक दिले गेले. पदकावर हिंदुस्थानातील लोकसेवा असे कोरलेले असले तरी गांधींचे काम आफ्रिकेतले होते. बोअर युद्धात सुमारे अकराशे हिंदी माणसांचे शुश्रूषा पथक, १९०६ मध्ये झुलू बंडाच्या वेळी डोल्या वाहणारे लहान पथक आणि मग सत्याग्रह. पहिल्या दोन कामांची पदके त्यांच्याजवळ आधीपासून होती. तिसऱ्यापायी तुरुंग मिळाला होता, आणि व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनी १९१३ मध्ये मद्रासला आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची बाजू उघडपणे घेतली होती. गांधींनी पदक आनंदाने घेतले. ब्रिटिश साम्राज्यात राहून न्याय मिळेल असा तेव्हा त्यांचा विश्वास होता आणि तो त्यांनी लपवला नाही.

पुढची पाच वर्षे सर्वांना ठाऊक आहेत : रौलट कायदा, १३ एप्रिल १९१९ ची जालियनवाला बाग, पंजाबातला लष्करी कायदा, हंटर कमिटीचा अहवाल, डायरची विलायतेत झालेली वाखाणणी, आणि तुर्कस्तानवर लादलेला तह. टागोरांनी मे १९१९ अखेर किताब परत करणारे पत्र लिहिले. सरोजिनी नायडूंना १९०८ च्या मुसी नदीच्या पुरानंतर हैदराबादेत केलेल्या मदतकार्याबद्दल कैसर-ए-हिंद मिळाले होते. त्यांनीही ते परत केले. गांधींनी तिन्ही पदके व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांच्याकडे परत पाठवली ती १ ऑगस्ट १९२० या तारखेच्या पत्राने. ही पदके परत करताना मनाला वेदना होतात, असे त्यांनी त्यात लिहिले. मुसलमान बांधवांच्या धर्मभावनेवर अन्याय झालेला असताना आणि पंजाबच्या प्रश्नात सरकारने पश्चात्ताप दाखवलेला नसताना ही पदके निश्चिंत मनाने वापरता येणार नाहीत, अशा अर्थाचे कारण त्यांनी दिले.

या पत्रातला एक बारकावा मला महत्त्वाचा वाटतो. कैसर-ए-हिंद आपल्याला आफ्रिकेतल्या मानवतेच्या कामासाठी मिळाले, झुलू बंडाचे आणि बोअर युद्धाचे पदक पथकाच्या सेवेसाठी मिळाले, असे त्यांनी एकेका पदकाचे कारण नोंदवून लिहिले. ती कामे त्यांनी नाकारली नाहीत. त्यांची नोंद ठेवली आणि धातूचा तुकडा परत केला. त्या दिवशी असहकाराला सुरुवात झाली, आणि त्याच तारखेला, मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, मुंबईच्या सरदारगृहात टिळक वारले होते. चौपाटीकडे निघालेल्या प्रचंड अंत्ययात्रेत गांधी होते, तिरडीला त्यांनी खांदा दिला. टिळकांना आयुष्यभरात सरकारकडून मिळाले ते १८९७ ची शिक्षा आणि १९०८ ची मंडालेची सहा वर्षे. पुण्याच्या प्लेगमध्ये शहरात राहून काम करणारे टिळक आणि पुण्यात येऊन पदक घेणारे गांधी यांच्यातले अंतर त्या एका दिवसात मिटले, असे मला ही तारीख वाचताना दर वेळी वाटते.

सप्टेंबर १९२० मध्ये कलकत्त्याच्या खास अधिवेशनात काँग्रेसने असहकाराचा ठराव केला, त्यातले पहिले कलम होते किताब आणि मानाच्या जागा सोडण्याचे. किताब सोडणारे थोडेच निघाले. रावबहादूर, रावसाहेब, खानबहादूर ही बिरुदे बहुतेकांनी जपली. कैसर-ए-हिंदही दर वर्षी वाटले जात राहिले.

मग रमाबाईंचे काय? इतरांनी किताब आणि पदके परत करायला सुरुवात केली त्याच १९१९ साली त्यांना हे पदक मिळाले. १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला हजर राहिलेल्या मोजक्या स्त्री प्रतिनिधींत त्या होत्या, आणि सरकारविरुद्ध लिहिण्याचे धैर्य त्यांनी १८९७ मध्ये दाखवले होते. म्हणून काही अभ्यासकांना १९१९ मधली त्यांची वागणूक खटकते. मला ती खटकत नाही. साठी ओलांडलेल्या, आजारी रमाबाई तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतरात आणि मुक्तिसदनाच्या रोजच्या संसारात बुडालेल्या होत्या. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. त्यांनी आयुष्यात सनातन्यांचा रोष पत्करला, मिशनऱ्यांशी वाद घातला, सरकारला खडसावले, आणि कोणाकडून दाखल्याची वाट पाहिली नाही. त्यांच्या चरित्रात पदकाची गोष्ट एका ओळीत संपते आणि तशीच संपायला हवी. ती ओळ धरून त्यांची देशभक्ती मोजणाऱ्यांनी एकदा केडगावच्या आवारात जाऊन विहिरी आणि इमारती मोजाव्यात.

१९४७ मध्ये कैसर-ए-हिंद पदक बंद झाले. राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने किताब रद्द केले आणि १९५४ मध्ये भारतरत्न व पद्म सन्मान सुरू झाले. नव्या सन्मानांनी वर्ग आणि यादी ही पद्धत ठेवली, मात्र नावाआधी लावायचा किताब म्हणून ते वापरू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. १९५८ मध्ये शंभर वर्षांच्या धोंडो केशव कर्व्यांना भारतरत्न मिळाले. ज्या विधवेशी त्यांनी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई, पुढच्या बाया कर्वे, शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या.

ह्यूम, वानलेस, रमाबाई, सोराबजी यांची नावे ग्रंथांत सापडतात. चांदीच्या आणि काशाच्या पदकांचे मानकरी मात्र बहुतेक विस्मृतीत गेले. देवी टोचणारे, सुइणींना शिकवणाऱ्या नर्सबाई, प्लेगच्या छावणीत रात्रपाळी केलेले कंपाउंडर, दुष्काळी कामांवरचे मामलेदार, अन्नछत्र चालवणारे पेठेतले व्यापारी, असे हे लोक. त्यांना मिळालेले पदक नातवंडांनी कुठे पेटीत ठेवले असेल, कुठे सोनाराकडे गेले असेल. काही घरांत ते अवघडलेपणाने लपवलेलेही असेल, कारण ते इंग्रजांनी दिले होते. माझी विनंती एवढीच आहे की तसे पदक तुमच्या घरात असेल तर ते बाहेर काढा आणि ते कोणत्या वर्षी, कोणत्या गावी, कोणत्या साथीत किंवा दुष्काळात केलेल्या कामाबद्दल मिळाले ते शोधून काढा. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात सरकारी दप्तरे आहेत, मिशनांचे वार्षिक अहवाल आहेत, घरात आजीची आठवण आहे. ते लिहून जवळच्या ग्रंथालयात किंवा इतिहास मंडळात द्या, पदक विकण्याआधी.